पहिल्या मिनिटाची राखणदार : डॉ. व्हर्जिनिया अॅपगार

प्रसूतिगृहाच्या बंद दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. बाळ रडले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कोणाच्या वळणावर गेले, हे प्रश्न नंतरचे. दाराच्या आत मात्र त्याच वेळी कोणाची तरी नजर घड्याळावर असते. जन्मानंतर एक मिनिट झाले की त्या बाळाला आयुष्यातले पहिले गुण दिले जातात. घरी जाताना हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर वजनाशेजारी ‘अॅपगार’ हा शब्द आणि आठ, नऊ असे आकडे दिसतात ते हेच. पुष्कळ आईवडिलांना हे एखाद्या तपासणीचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका स्त्रीचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया अॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफील्ड या गावी झाला. वडील विमा व्यवसायात. पण बिनतारी संदेशवहन आणि खगोलशास्त्र हे त्यांचे खरे वेड. घरात संगीत होते, प्रयोगांची आवड होती आणि आजारपणही होते. थोरला भाऊ क्षयाने बालपणीच गेला, तर दुसऱ्या भावाला जुनाट दुखण्याने ग्रासले होते. आपण डॉक्टर व्हायचे हे व्हर्जिनियाने शाळेत असतानाच ठरवून टाकले.

१९२९ साली प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कर्ज काढून त्यांनी शिक्षण पुरे केले. १९३३ मध्ये त्या वर्गात चौथ्या आल्या. शल्यविशारद व्हायची त्यांची इच्छा होती, हात कुशल होता. परंतु त्यांचे वरिष्ठ अॅलन व्हिपल यांनी वेगळा सल्ला दिला. मंदीच्या काळात स्त्री शल्यविशारदांना रुग्ण मिळणे अवघड होते. याउलट भूल देण्याचे काम तेव्हा बहुतांशी परिचारिकांकडे असे, आणि शस्त्रक्रिया पुढे जायची तर त्या शास्त्राला अभ्यासू डॉक्टर हवे होते. अॅपगार यांनी वाट बदलली. १९३८ मध्ये त्या कोलंबियातील भूलशास्त्र शाखेच्या प्रमुख झाल्या. पुढील अकरा वर्षे त्यांनी ती शाखा अक्षरशः हाताने उभी केली. १९४९ मध्ये तिला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला तेव्हा मात्र प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. अॅपगार यांना प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. प्रशासनाचे ओझे उतरले आणि त्यांनी आपला मोर्चा प्रसूतिकक्षाकडे वळवला.

तेथे त्यांना एक विसंगती दिसली. १९३० ते १९५० च्या काळात अमेरिकेतील बालमृत्यू घटत होते. पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू काही हटत नव्हते. प्रसूतीनंतर सगळ्यांचे लक्ष आईकडे असे. निळसर, निपचित जन्मलेले मूल जगणारच नाही असे गृहीत धरून ते बाजूला ठेवले जाई. त्याला मदत हवी की नको हे ठरवण्याची ठरावीक पद्धत नव्हती. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि अंदाज बांधण्यातच मोलाची मिनिटे निघून जात.

एके सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात न्याहारी करताना एका विद्यार्थ्याने, नवजात बालकाची प्रकृती नेमकी कशी जोखावी, असे विचारले. अॅपगार यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या, असे सांगितले जाते. हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, स्पर्शाला वा उत्तेजनाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. यंत्र नको, रक्ततपासणी नको, खर्च नको. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत एका परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मोठ्या शहरातील रुग्णालयाइतकीच ती आडगावच्या प्रसूतिगृहातही वापरता येत होती.

या गुणांची खरी किमया आकड्यात नव्हती. आकडा लिहायचा म्हणजे कोणाला तरी बाळाकडे पाहणे भाग पडले, आणि दोन किंवा तीन असा आकडा लिहून हात बांधून बसणे कोणालाही शक्य राहिले नाही. पुढे पाचव्या मिनिटाला पुन्हा गुण देण्याची प्रथा पडली. केलेल्या मदतीचा उपयोग झाला की नाही हे त्यातून कळू लागले. कोलोरॅडोतील एका बालरोगतज्ज्ञाने नंतर त्यांच्या आडनावाच्या पाच इंग्रजी अक्षरांत ही पाच लक्षणे चपखल बसवली आणि ते नाव जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठ झाले.

अॅपगार यांनी हीच कसोटी स्वतःच्या कामालाही लावली. प्रसूतीच्या वेळी आईला देण्यासाठी सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू त्यांच्या विशेष पसंतीचा होता. सहकाऱ्यांसमवेत नवजात बालकांच्या रक्ताचा अभ्यास केल्यावर हा वायू बाळाला मंदावतो असे दिसले. त्यांनी प्रसूतीत त्याचा वापर तत्काळ थांबवला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९५९ मध्ये, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षी त्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत रुजू झाल्या. पोलिओशी लढण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था, लस आल्यानंतर, जन्मजात व्यंगांच्या प्रश्नाकडे वळली होती. व्यंग असलेले मूल जन्माला आले की ते दडवायचे आणि दोष आईच्या माथी मारायचा, ही रीत काही केवळ आपलीच नव्हती. अॅपगार गावोगावी फिरल्या, व्याख्याने दिली, निधी जमवला. गरोदरपणात डॉक्टरांना न विचारता औषधे घेऊ नयेत, अनावश्यक क्ष-किरण टाळावेत, हे त्या सोप्या शब्दांत समजावत. १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीने अमेरिकेत सुमारे २० हजार बालके जन्मजात दोष घेऊन आली. रुबेलाविरोधी लसीकरणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. भारतात गोवर-रुबेला लस राष्ट्रीय कार्यक्रमात येण्यास २०१७ साल उजाडले, हे लक्षात घेतले की त्या आग्रहाचे मोल कळते. १९७२ मध्ये पत्रकार जोन बेक यांच्यासह त्यांनी आईवडिलांसाठी पुस्तक लिहिले. आपले बाळ ठीक आहे ना, हा साऱ्यांच्या मनातला प्रश्नच त्याचे शीर्षक होते.

आज हाच प्रश्न त्यांच्या नावाच्या गुणांभोवती घुटमळतो. दहापैकी सात गुण म्हणजे मूल अभ्यासात मागे पडणार का, अशी धास्ती कित्येकांना वाटते. ही गुणपत्रिका नव्हे. हातपाय काही काळ निळसर राहत असल्याने पहिल्या मिनिटाला पूर्ण दहा गुण क्वचितच मिळतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे गुण मुळातच कमी भरतात. सावळ्या त्वचेवर रंगाचा अंदाज फसू शकतो, म्हणून जीभ, हिरड्या आणि प्राणवायूचे प्रमाण पाहिले जाते. बाळाला श्वासासाठी मदत हवी असेल तर डॉक्टर मिनिट भरण्याची वाट पाहत नाहीत. एकट्या या आकड्यावरून बुद्धी किंवा भवितव्य सांगता येत नाही. पालकांनी विचारायचे ते एवढेच : पाचव्या मिनिटाला गुण किती होते, श्वासासाठी मदत लागली का, आणि पुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

अॅपगार यांनी लग्न केले नाही. वाटेत कोणाचा श्वास अडकला तर हाताशी असावी म्हणून त्या श्वासनलिकेत घालायची नळी आणि चाकू नेहमी जवळ बाळगत. तंतुवाद्ये वाजवणे आणि स्वतः घडवणे हा त्यांचा छंद. रुग्णालयातील टेलिफोनच्या खोलीतली मेपलची फळी वाद्यासाठी उत्तम आहे, पण रुग्णालय ती देत नाही, असे दिसताच मैत्रीण कार्लीन हचिन्स यांच्यासह त्यांनी एका रात्री ती काढून तेथे दुसरी बसवली. त्या फळीची व्हायोला झाली.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. त्या समारंभात डॉक्टर वादकांनी त्यांनीच घडवलेली वाद्ये वाजवली. डिस्चार्ज कार्डावरचे त्यांचे नाव मात्र बहुतेक वेळा न वाचताच फायलीत जाते. ते एकदा नीट वाचावे आणि त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारावा. आईवडिलांनी असे प्रश्न विचारावेत यासाठीच त्यांनी आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे वेचली होती.