डॉ. प्रफुल्लकुमार सेन

भारतात हृदयरोपणाचा पहिला प्रयत्न करणारे शल्यविशारद, एवढीच डॉ. सेन यांची ओळख पुष्कळांना असते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी ती शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासांतच दगावला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही फसला. टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. मेंदूच्या मृत्यूला आपल्या कायद्यात स्थान मिळाले ते १९९४ साली.

मला त्यांचे मोठेपण दुसरीकडेच दिसते. १९१५ साली कलकत्त्यास जन्मलेले सेन वाढले नागपुरात, वैद्यक शिकले मुंबईत. फिलाडेल्फियाचा अनुभव घेऊन ते परतले तेव्हा रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया हा आपल्याकडे स्वतंत्र व्यवसाय नव्हताच. रोहिणी शिवण्याची रीत फ्रान्सच्या अलेक्सी कारेल यांनी १९०२ सालीच दाखवली होती. १९१२ चे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. तरी बंद पडलेल्या रोहिणीपुढे शल्यवैद्याला अनेकदा करवतच हाती घ्यावी लागे.

सेन यांनी हात घातला तो एका विलक्षण रोगाला. रोगी बहुधा तरुण, त्यांतही स्त्रिया अधिक. मनगट धरावे तर नाडी लागत नाही, आणि बाई तर समोर बसून बोलते आहे! जपानच्या ताकायासू यांनी १९०८ साली डोळ्यांतील खुणांवरून वर्णिलेला हा आजार. महारोहिणीची भिंत सुजून जाड होते, शाखांची तोंडे आवळत जातात. जपानी रोग्यांत हाता-मानेकडच्या शाखा अधिक बिघडतात. आपल्याकडे पोटातील महारोहिणी. मूत्रपिंडाची वाट आवळली की विशीतल्या मुलीचा रक्तदाब भडकतो. सहकाऱ्यांना घेऊन सेन यांनी अशा १०१ रोग्यांचा अभ्यास केला व त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. परदेशी पुस्तकातला रोग आपल्या माणसांत कसा वेगळा वागतो, हे आपल्याच रुग्णालयात बसून सांगणारे हे काम मला त्या दोन रोपणांहून मोलाचे वाटते.

ते चित्रे काढीत, कविताही करीत. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

आता जांघेतून बारीक नळी घालून फुग्याने रोहिणी उघडतात, आत जाळी बसवतात. पोट फाडावे लागतेच असे नाही. मधुमेहाने रोगी मात्र वाढवून ठेवले आहेत, आणि या विषयाचे जाणकार बहुतेक मोठ्या शहरांतच. आमच्या महूहून इंदूर वीस-पंचवीस किलोमीटर. पायाची रोहिणी एकाएकी बंद पडली तर पाय वाचवायला सुमारे सहा तास हाती असतात. गाडी मिळते, रस्ताही बरा आहे. पण पाय गार पडून बधिर झाला तर घरात तो वात समजला जातो, आणि तेल चोळण्यात रात्र निघून जाते.