पाश्चर यांच्या कोंबड्या

येरवड्याचे एक गृहस्थ मधुमेहासाठी आमच्या ओपीडीत येतात. घरामागे पत्र्याच्या खुराड्यात त्यांनी दहा-बारा गावरान कोंबड्या पाळल्या आहेत. मागच्या खेपेला जाता जाता त्यांनी हळूच विचारले, दोन कोंबड्या चोच उघडी टाकून घरघर करत मेल्या. छातीच्या संसर्गासाठी मी दिलेल्या कॅप्सूलमधल्या काही उरल्यात, त्या बाकीच्यांच्या पाण्यात टाकू का? औषध अर्धवट सोडले म्हणून मी आधी रागावले. मग मेलेला पक्षी औंधच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत न्यायला सांगितले. घरी जाताना मात्र लुई पाश्चर आठवत राहिले.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावी, चामडी कमावणाऱ्याच्या घरी. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते, आणि आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी त्यांना ते विसरू दिले नाही. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. ज्या कामासाठी आज जग त्यांना ओळखते, त्यातले बरेचसे त्यानंतरचे आहे.

कोंबड्या त्यांच्या कामात आल्या त्या अँथ्रॅक्सच्या निमित्ताने. गुरे मारणारा हा रोग कोंबडीला होत नसे. तिच्या शरीराचे तापमान ४१-४२ अंश असते, म्हणून असेल का? १८७८ मध्ये पाश्चर यांनी जंतू टोचलेली कोंबडी थंड पाण्यात उभी केली, ती मेली. दुसरी वेळेत बाहेर काढून उबेत ठेवली, ती वाचली. जंतू तोच होता, बदलली होती ती शरीराची स्थिती.

मग कोंबड्यांचा कॉलरा आला. नाव कॉलरा असले, तरी माणसाच्या पटकीशी त्याचे नाते नाही. हा जंतू पक्ष्याच्या नाका-घशाच्या ओल्या अस्तरातून शिरतो. त्याच्याभोवती एक निसरडे आवरण असते, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. तो रक्तात उतरला की पक्षी धापा टाकतो, तोंडातून चिकट स्राव येतो, कधी काही तासांत मरतो. शिवाय कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते. फुप्फुसांना जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. त्यांत रक्तवाहिन्या कमी, म्हणून तिथे बसलेला जंतू हलवणे अवघड. खुराड्यातली विष्ठा ओली राहिली, की तिच्यातून निघणारा अमोनिया श्वासनलिकेतले बारीक केस बधिर करतो आणि कोणत्याही जंतूची वाट सोपी होते.

तुलूझचे पशुवैद्य तूसाँ यांनी या रोगाचा नमुना पाश्चर यांना पाठवला. जंतू यीस्टच्या पाण्यात वाढेना. कोंबडीच्याच मांसाच्या रश्शात मात्र झपाट्याने वाढला. गिनिपिगला टोचला तर नुसते गळू होई आणि प्राणी मजेत हिंडे, पण त्या गळवातला पू कोंबड्यांना मारायला पुरेसा होता. धडधाकट दिसणारा प्राणी रोग वाहून नेतो, हे असे समोर आले.

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. १८७९ च्या सुट्टीत विसरलेले जुने रसायन टोचल्यावर कोंबड्या जगल्या, आणि नंतर ताजा जंतू टोचूनही मेल्या नाहीत. प्रयोगवह्या खुल्या झाल्यावर दिसले, की प्रकरण इतके सरळ नव्हते. एमिल रू या सहकाऱ्याची महिनोन्‌महिन्यांची चिकाटी त्यामागे होती. मला ही दुसरी गोष्ट अधिक आवडते.

१८८० च्या फेब्रुवारीत पाश्चर यांनी निष्कर्ष जाहीर केला, पण जंतू दुबळा करण्याची रीत ऑक्टोबरपर्यंत लपवली. हे मला पटत नाही. तेव्हाही अनेकांना पटले नाही. ऐंशीच्या घरातले डॉक्टर गेराँ वैद्यक अकादमीत भर सभेत इतके भडकले, की त्यांनी द्वंद्वाचे आव्हान दिले! ते कसेबसे मिटले. शेवटी रीत कळली ती अशी : हवेच्या संपर्कात जंतू महिनोन्‌महिने ठेवला, की त्याची मारकशक्ती उतरते. नळी बंद केली, तर उतरत नाही. प्रत्यक्ष खुराड्यांत ही लस फारशी भरवशाची ठरली नाही. पण तिच्यापासून १८८१ मध्ये अँथ्रॅक्सची आणि १८८५ मध्ये रेबीजची लस निघाली.

त्या लाटेचे पाणी पुण्यालाही लागले. १८८९ मध्ये इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, जनावरांच्या रोगांसाठी देशातली पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. येरवड्याहून नदी ओलांडली की काही मिनिटांवर. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. अहवालात मानमोडी, म्हणजे राणीखेत, निघाला होता. तो विषाणूचा रोग, माझ्या कॅप्सूलचा तिथे काडीचाही उपयोग झाला नसता. नव्या पिल्लांना लस कोणत्या दिवशी द्यायची, ते पशुवैद्यांनी कागदावर लिहून दिले होते. तो कागद त्यांनी माझ्या केसपेपरलाच टाचून आणला होता.