बाळू पालवणकर : आकड्यांत न मावलेला गोलंदाज

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये क्रिकेटचा वाद एकदा सुरू झाला की तो ठाण्यापर्यंत मिटत नाही, आणि ठाण्याला चढणारी मंडळी तो पुढेही मिटू देत नाहीत. भारताचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज कोण, हा त्यांतील एक नित्याचा वाद. बिशनसिंग बेदींचे कैवारी ६७ कसोट्यांतील २६६ बळी पुढे करतात. विनू मंकड यांचे चाहते ४४ कसोट्यांतील १६२ बळी सांगून त्यावर १९५२ च्या लॉर्ड्स कसोटीतील ७२ आणि १८४ धावांची भर घालतात. तरुण मुले रवींद्र जडेजाने ओलांडलेल्या तीनशे बळींचा दाखला देतात. एवढ्यात खिडकीजवळचे एखादे वयस्क गृहस्थ पद्माकर शिवलकर यांचे नाव काढतात. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही! या नावानंतर डब्यात क्षणभर शांतता पसरते. आपण ज्या मापाने मोजत होतो ते मापच अपुरे आहे, याची जाणीव त्या शांततेत असते.

सांख्यिकी शिकवताना प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्यांना एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. कोणताही आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत जमा झाला हे विचारले पाहिजे. कल्याणच्या वर्गात एकदा हाच गोलंदाजांचा वाद उदाहरणादाखल घेतला. फळ्यावर सहा-सात नावे आली. पण ज्यांच्यापासून ही परंपरा सुरू होते, त्या बाळू पालवणकरांचे नाव एकाही विद्यार्थ्याने घेतले नाही. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. बाळू यांचे आयुष्य ज्या नोंदवहीत शोधायचे, तिचे रकानेच त्यांच्यासाठी आखलेले नव्हते.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जातीने चांभार. वडिलांची नोकरी लष्करात असल्याने मुले पुण्यात वाढली, आणि लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व धाकटे शिवराम क्रिकेट शिकले. बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या मैदानावरची होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना गरज भासेल तेव्हा चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेले. तेथे पगार चार रुपये झाला आणि काम तेच राहिले.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासन्‌तास बाळूंकडून गोलंदाजी करवून घेत. बाळूंनी बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर महिन्याच्या चार रुपयांत आठ बळींची कमाई म्हणजे दुसरा एक पगारच झाला. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी त्या जाळीत एक गोलंदाज घडत होता हे निश्चित. चेंडूला उंची देणे, गती बदलणे, दोन्ही बाजूंना वळवणे या कला बाळूंनी तेथे आत्मसात केल्या.

मात्र या सरावाला एक अट होती. हजारो चेंडू टाकणाऱ्या या तरुणाला त्या क्लबात फलंदाजी करू देण्यात आली नाही. गोलंदाजी म्हणजे कष्ट, ते नोकराने करावेत. फलंदाजी म्हणजे मौज, ती मालकाची. अर्थशास्त्रात श्रमविभागणीचे गोडवे गायले जातात, पण विभागणी कोणी केली आणि कोणावर लादली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत अभावानेच येतो. बाळूंच्या प्रथम श्रेणीतील नोंदी आज उपलब्ध आहेत : ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, आणि फलंदाजीत १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा. हा दुसरा आकडा पाहून कोणी म्हणेल की बाळू फलंदाज म्हणून सामान्य होते. परंतु ऐन उमेदीची वर्षे बॅट हाती न येता गेलेल्या माणसाची ती सरासरी आहे. तिच्यात त्यांची कुवत किती आणि नाकारलेली संधी किती, हे वेगळे काढण्याचे गणित आपल्याकडे नाही.

साहेबांच्या जाळीतील या गोलंदाजाची कीर्ती शहरात पसरली, तशी पुण्याच्या हिंदू संघापुढे पंचाईत उभी राहिली. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत, आणि बाळूंना घ्यायचे तर विटाळाचे काय करायचे? बऱ्याच वादानंतर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरू लागला. मैदानाबाहेर मात्र सहकारी तंबूत चहा घेत, तेव्हा बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुवायचे झाल्यास अस्पृश्य समाजातलाच एखादा नोकर मैदानाच्या कडेला पाणी घेऊन येई. त्यांचे बळी संघाच्या खाती जमा होत होते आणि अपमान मात्र त्यांच्या एकट्याच्या.

तथापि पुणे एकजिनसी नव्हते. साताऱ्याच्या गोऱ्यांविरुद्ध बाळूंनी सात बळी घेऊन सामना जिंकून दिला, तेव्हा त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यातील सत्कारसभेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना स्वतः हार घातला आणि जे एकत्र खेळतात त्यांनी एकत्र खाण्यापिण्यास हरकत काय, असा मुद्दा उपस्थित केला. त्या काळात पुण्याच्या भर सभेत हे बोलणे साधे नव्हते.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. पुण्याहून मुंबईला येणारी गाडी तेव्हाही बोरघाट उतरून कल्याण आणि ठाण्यावरूनच जाई. आज आपण ज्या रुळांवरून कचेऱ्या गाठतो, त्याच रुळांवरून हा खेळाडूही पोटापाण्याच्या शोधात मुंबईत उतरला. पुढे त्यांना बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून कुरबुर झाली, परंतु कर्णधाराच्या आग्रहापुढे ती टिकली नाही. मुंबईकर सहकारी पुण्याच्या एक पाऊल पुढे गेले आणि जिमखान्यात बाळू व शिवराम यांच्या पंगतीला बसू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा त्या विजयाचे मुख्य शिल्पकार बाळू होते. दुसऱ्या डावात त्यांनी पाच गडी बाद केले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हा धडा देशाला मिळाला; आणि तो देणाऱ्या दोघा भावांना त्यांच्याच समाजाने कालपर्यंत दूर ठेवले होते, हेही विचारी माणसांच्या नजरेतून सुटले नाही.

बाळूंच्या खेळाची खरी कसोटी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात लागली. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील तो संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला, ६ जिंकला आणि २ अनिर्णित राहिले. अशा पराभूत संघात पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीचे होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ गडी बाद करणे ही त्यांची आयुष्यातील सर्वोच्च कामगिरी. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याचे होते, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

एवढ्या कर्तृत्वानंतर हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे ओघानेच यायला हवे होते. ते कधीच आले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान ज्येष्ठ या नात्याने बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनी जाहीरपणे मान्य केले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि धाकटे भाऊ विठ्ठल यांनाही नेतृत्वासाठी डावलण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले व त्यामागील कारण लेखी निवेदनाने लोकांपुढे ठेवले. लोकमताचा रेटा असा आला की अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. पै यांनी काही काळ मैदान सोडले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंच्या हाती आले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. थोरल्याला नाकारलेले धाकट्याला मिळाले, पण त्यासाठी एका पिढीला भांडावे लागले.

बाळूंचे उत्तरायुष्य अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९३२ च्या २५ जूनला भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्या हातांनी एके काळी मानपत्र दिले त्यांच्याचविरुद्ध उभे राहण्यात बाळूंची श्रद्धा किती आणि त्यांच्या लौकिकाचा पक्षाने केलेला वापर किती, यावर मतभेद राहणार. लेखकाला एवढेच वाटते की पुण्याचा हिंदू संघ आणि १९३७ चा पक्ष या दोघांनीही बाळूंच्या नावाची किंमत अचूक ओळखली होती. नेतृत्व देण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांच्या संघाचा हात आखडला. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

मग सर्वोत्तम कोण? बाळूंना बेदी किंवा मंकड यांच्या वर बसवावे, असा या लेखाचा आग्रह नाही. वेगळ्या काळातील, वेगळ्या खेळपट्ट्यांवरील आकडे एका तराजूत घालणे अभ्यासूपणाचे लक्षण नव्हे. लोकलमधील वादही थांबू नये, कारण त्याच वादातून जुनी नावे जिवंत राहतात. मात्र गुणवत्तेची यादी करताना एक सावधगिरी हवी. शिवलकरांना कसोटी मिळाली नाही, कारण त्यांच्या काळात बेदी होते. ते दुर्दैव खेळातले होते. बाळूंना बॅट मिळाली नाही आणि कर्णधारपद मिळाले नाही, ते त्यांच्या जन्मामुळे. नोंदवहीत दोन्ही ठिकाणी सारखाच कोरा रकाना दिसतो, पण त्या दोन कोऱ्या रकान्यांचा अर्थ एक नाही.

आम्ही शिक्षक दर वर्षी गुणांच्या याद्या लावतो. त्या वाचताना विद्यार्थी आणि पालक वरची चार नावे पाहतात, ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्याने सकाळी कुठे तरी कष्टाचे काम करून मग परीक्षेचा पेपर लिहिला, त्याचे गुण आणि ज्याला घरी स्वतंत्र टेबल होते त्याचे गुण यादीत एकाच शाईने लिहिलेले असतात. चार रुपयांवर दिवसभर चेंडू टाकणाऱ्या त्या तरुणाला ग्रेगसाहेबांनी गोलंदाज म्हणून ओळखले. त्याच्या हाती बॅट देऊन पाहावी, असे मात्र कोणाला सुचले नाही. पुढच्या वेळी वर्गात हा वाद निघेल, तेव्हा फळ्यावर पहिले नाव बाळू पालवणकरांचे लिहावे आणि त्यापुढील आकड्यांची चर्चा तेथून सुरू करावी, असे ठरवले आहे.