दफ्तरांना बोलते करणारे ग. ह. खरे

ग्रंथपाल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक टेबल, कार्डांचे खण आणि मागितलेले पुस्तक फडताळातून काढून देणारा माणूस उभा राहतो. त्या पुस्तकाला नाव असते, लेखक असतो आणि आतल्या पानावर प्रकाशनाचे साल छापलेले असते. पण ज्या संग्रहातील बहुतेक कागदांना नाव नाही, लेखकाचा पत्ता नाही आणि साल असलेच तर ते चार निरनिराळ्या कालगणनांपैकी कोणत्या तरी एकीत लिहिलेले आहे, त्या संग्रहाच्या रखवालदाराने काय करायचे? पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गणेश हरी खरे यांनी सुमारे पाच दशके हेच काम केले. मराठ्यांच्या इतिहासावर आज लिहिणाऱ्याला त्यांच्या श्रमांचा आधार घ्यावाच लागतो, मग तो त्यांचे नाव घेवो वा न घेवो.

इतिहासाच्या क्षेत्रात खरे आडनावाची आणखीही माणसे होऊन गेली. मिरजेस राहून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे हे त्यांतले सर्वांत परिचित. ग. ह. खरे हे त्यांच्या नंतरच्या पिढीतले. त्यांचा जन्म १० जानेवारी १९०१ रोजी पनवेल येथे झाला. खाडीकाठचे हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. बोरघाटातून रेल्वे जाण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी गलबताने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. खऱ्यांच्या जन्माच्या वेळी ते दिवस मागे पडले होते; तरी किनाऱ्यावरून घाटमाथ्याकडे जाण्याची कोकणी माणसाची रीत काही सुटली नव्हती. खरेही त्याच वाटेने पुण्यास गेले आणि आयुष्याची कर्मभूमी म्हणून त्यांनी मंडळाची वास्तू निवडली.

या संस्थेशी कुलाबा जिल्ह्याचे नाते जुने आहे. वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली मंडळाची स्थापना केली. त्यांपैकी राजवाडे पेणजवळच्या वरसईचे. मंडळाचा कारभार दीर्घकाळ ज्यांच्या खांद्यावर होता ते महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार महाडजवळच्या बिरवाडीचे. पनवेलचे खरे हे या मालिकेतले तिसरे. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद मिळविले, पोतदार यांनी संस्था चालविली आणि जमलेला कागद वाचनीय करण्याचे काम खरे यांच्या वाट्याला आले. पहिल्या दोघांची चरित्रे आणि आख्यायिका लोकांना ठाऊक आहेत. तिसऱ्याच्या कामाला आख्यायिका चिकटत नाहीत, कारण ते काम रोजचे आणि पुष्कळसे एकसुरी असते.

ते काम असते तरी कसे? एखाद्या देशमुख, देशपांडे किंवा इनामदार घराण्याकडून दफ्तर येते. कागद कापडी रुमालात बांधलेले असतात. गाठ सोडली की प्रथम धूळ निघते आणि बरेचदा वाळवीने केलेली चाळण हाती येते. घड्या हलक्या हाताने उलगडायच्या, तुटलेले तुकडे जुळवायचे, शिक्का कोठे उमटला आहे ते पाहायचे. मग वाचन. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. वाक्य कोठे संपले हे अर्थावरून ओळखावे लागते. प्रत्येक लेखनिकाचे वळण निराळे. कागद कोणी कोणास लिहिला, कशाबद्दल लिहिला आणि केव्हा लिहिला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्याची नोंद करायची, क्रमांक द्यायचा आणि पुढचा कागद उचलायचा. नोंद चुकली तर त्या क्रमांकाखालचा कागद पुढे कितीही वर्षे चुकीच्या जागी पडून राहतो. असा कागद हरवल्यातच जमा असतो.

यातला सर्वांत कठीण प्रश्न ‘केव्हा’ हा. खरे यांच्या जन्मजिल्ह्याचाच किनारा डोळ्यांपुढे आणावा. शिवकाळात रायगडाच्या दरबारातला कागद तिथी आणि शक लिहीत असे. १६७४ नंतर त्यात राज्याभिषेक शकाची भर पडली. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या फारसी पत्रावर हिजरी सन असे. चौलचा पोर्तुगीज अधिकारी १५८२ साली सुधारलेल्या ख्रिस्ती पंचांगाने तारीख टाकी, तर मुंबईचा इंग्रज जुन्याच पंचांगाला चिकटून होता, कारण इंग्लंडने नवे पंचांग १७५२ साली स्वीकारले. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे चौल आणि मुंबई येथे एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवरच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या दिसत. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ही तिथी आपण ६ जून १६७४ अशी देतो ती इंग्रजांच्या जुन्या पंचांगाने. पोर्तुगिजांच्या लेखी तो १६ जून होता.

मराठी कागदांत याशिवाय शुहूर सन येतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि वर्ष मृग नक्षत्री बदलते. महिन्याची तारीख ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याने दिलेली असते. हे सारे गणित बसल्याशिवाय कोणते पत्र आधीचे आणि कोणते नंतरचे हे सांगता येत नाही, आणि क्रम उलटला तर कारण आणि परिणाम यांचीही उलटापालट होते.

खरे यांचे दुसरे मोठे काम फारसीचे. मराठ्यांचा इतिहास मोडी कागदांवरून लिहिता येईल, अशी समजूत बाळगणे सोपे होते. परंतु आदिलशाही, निजामशाही आणि मोगल या सत्तांचा कारभार फारसीत चाले. महाराष्ट्रातील वतनदार घराण्यांकडे त्यांची फर्माने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली होती. काही कागदांवर वर फारसी आणि खाली मोडी असा दुहेरी मजकूर असे. ज्या घरांनी ती जपली त्यांना ती वाचता येत नव्हती. घाईने लिहिलेल्या शिकस्ता वळणात अक्षरांवरचे नुक्तेही गाळलेले असतात, तेव्हा नुसती भाषा येऊन भागत नाही. फारसी ही खरे यांची घरची भाषा नव्हती. ती त्यांनी कामासाठी आत्मसात केली. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेचा पहिला खंड १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे एकूण सहा खंड निघाले. प्रतिपक्षाच्या दफ्तरात आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे मराठी वाचकाला मराठीतून कळू लागले.

ताम्रपट आणि शिलालेख यांकडेही ते वळले. ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या मालेत त्यांनी असे लेख संपादित केले. ‘मूर्तिविज्ञान’ हे पुस्तक १९३९ साली आले, तर ‘महाराष्ट्राची चार दैवते’ १९५८ साली. दैवतांवर लिहितानाही कागदाची शिस्त त्यांनी सोडली नाही. श्रद्धेचा विषय आहे म्हणून पुराव्याची अट सैल करायची नाही, हा त्यांचा बाणा या लेखनात दिसतो.

त्याच पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आणखी एक कोकणी अभिरक्षक बसत असे. देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे १९१९ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथील संस्कृत हस्तलिखितांची राखण करीत होते, आणि त्या हस्तलिखितांच्या शेवटी लिहिलेल्या मित्या जुळवून ग्रंथकारांचे काळ ठरवीत होते. दोघांची साधने निराळी. पण ठेव ओळखल्याशिवाय ती सांभाळली असे म्हणता येत नाही, ही दोघांची धारणा एकच होती.

१९६६ साली महाराष्ट्र शासनाने शिवजन्मतिथीचा निर्णय करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा पोतदार, न. र. फाटक, वा. सी. बेंद्रे यांच्यासमवेत खरे यांनाही तीत बोलावण्यात आले. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशा दोन तिथींमधला तो वाद होता. प्रश्न त्या वेळी मिटला नाही. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली. एका तारखेपायी किती कागद उलगडावे लागतात आणि किती पंचांगे चाळावी लागतात, याची कल्पना त्या वादावरून यावी.

त्यांच्या सर्व ग्रंथांत त्यांच्या व्यवसायाची खूण सर्वांत स्पष्ट उमटली आहे ती १९५१ सालच्या ‘संशोधकाचा मित्र’ या पुस्तकात. जुने साधन हाताळणाऱ्याला ज्या गोष्टी पदोपदी अडवितात त्यांची माहिती एकत्र देणारे हे हातपुस्तक. पुष्कळ वर्षांच्या सरावाने हाती आलेली गुरुकिल्ली बहुतेक जाणकार आपल्यापाशीच ठेवतात, कारण तिच्यामुळेच त्यांच्याकडे लोक विचारीत येतात. खरे यांनी ती छापून टाकली. आपल्याला जे कळायला वर्षे लागली ते नवशिक्याला लवकर कळावे, एवढाच त्यामागचा हिशेब.

१९८५ साली खरे यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच मोडी शाळांमधून गेली होती आणि फारसी शिकणारे मराठी विद्यार्थी विरळ झाले होते. आज कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविता येतात. वाळवीची भीती त्यामुळे कमी झाली आहे. पण पडद्यावर आलेला मोडी कागद रुमालातल्या कागदाइतकाच मुका असतो. मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात आणि हौसेने येणारेही असतात. त्यांतले किती जण शिकस्ता फारसीपर्यंत जातील, किती जण शुहूर सनाचे गणित मांडतील, आणि त्यांना त्यासाठी आयुष्यभर बसायला जागा व निर्वाहापुरते वेतन कोण देईल, हे प्रश्न उरतातच.

राजवाडे यांच्यासारखा कागद शोधणारा पुन्हा निपजावा, अशी इच्छा आपण वारंवार बोलून दाखवितो. सापडलेल्या कागदापाशी खरे यांच्यासारखा बसून राहणाराही तितकाच हवा आहे. महाराष्ट्रात अनेक संस्थांत आणि घरांत अजून न सोडलेले रुमाल आहेत, आणि ते त्याचीच वाट पाहत आहेत.