शाळामास्तर भूगर्भशास्त्रज्ञ चार्लस् लॅपवर्थ

ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों, ते मूळचे साधे शाळामास्तर होते. चार्लस् लॅपवर्थ यांचा जन्म इ. स. १८४२ मध्यें इंग्लंडांतील फॅरिंग्डन गांवीं झाला. १८६४ सालीं ते स्कॉटलंडांत गॅलशील्स येथें ख्रिस्ती मंडळीच्या शाळेवर शिक्षक झाले. सुटीच्या दिवशीं टेकड्या हिंडून ते ग्रॅप्टोलाइट नांवाच्या बारीक समुद्रजीवांचे अवशेष गोळा करीत व त्यांवरून खडकांच्या थरांचा क्रम लावीत. ह्याच अभ्यासाच्या बळावर १८८१ सालीं ते बर्मिंगहॅम येथें प्राध्यापक झाले.

त्या काळीं स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखाविषयीं वाद माजला होता. तेथें जीवावशेष असलेल्या चुनखडकाच्या वर शिस्ट हा रूपांतरित खडक पसरला आहे. वरचा थर मागाहून झालेला, ह्या सामान्य नियमानें सर रॉडरिक मर्चिसन यांनीं शिस्ट अलीकडचा ठरविला. प्रोफेसर निकल यांनीं विरोध केला. परंतु मर्चिसन यांच्या अधिकारापुढें त्यांचें फारसें कोणीं ऐकिलें नाहीं, व १८७९ सालीं ते निवर्तले.

लॅपवर्थ १८८२ व १८८३ सालीं तेथें जाऊन बारकाईनें नकाशे काढूं लागले. दोन खडकांच्या सांध्यावर त्यांस पातळ पट्ट्यांचा खडक आढळला. दिसण्यांत तो पाण्यांत सांचलेल्या गाळासारखा होता. परंतु वरचा खडक प्रचंड दाबानें सरकत असतां मधला जुना खडक चिरडून तो बनला, हें त्यांनीं ओळखिलें. जात्याच्या ग्रीक नांवावरून १८८५ सालीं त्यांनीं त्यास मायलोनाइट म्हटलें. अशा खडकांत दळण्यापेक्षां उष्णतेनें कण ताणले जाऊन पुन्हां बारीक स्फटिक बनतात, असें पुढें कळून आलें. पण मूळ निर्णय कायम राहिला. वरचा शिस्ट चुनखडकाहून जुना असून दुरून ढकलला गेला होता.

ह्या श्रमांनीं लॅपवर्थ आजारी पडले. तोच डोंगर आपल्या अंगावरून सरकत आहे, असा भास त्यांस रात्रीं होई. मर्चिसन यांचे अनुयायी आर्चिबाल्ड गीकी यांनीं १८८४ सालीं आपलें जुनें मत जाहीरपणें सोडलें, हेंही त्यांस भूषणावह होय. १९२० सालीं लॅपवर्थ वारले.

खडक कोठें आहे एवढ्यावरून त्याचें कूळ कळत नाहीं; त्याच्या अंगावरील खुणा वाचाव्या लागतात. त्या वाचण्याचा धीर व मोठ्यांच्या मतालाही तपासून पाहण्याची सचोटी देव आमच्या विद्यार्थ्यांस देवो, अशी आमची प्रार्थना आहे.