लोखंडी नांगराचे कर्ते लक्ष्मणराव किर्लोस्कर

कारापुराहून साखळीमार्गे चोर्ला घाट चढून गेले म्हणजे पुढे बेळगाव लागते. त्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा प्रारंभ झाला. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु दृष्टीला काही रंगांतील भेद कळेना. तेव्हा रंगाचा नाद सोडून त्यांनी रेषेचा आश्रय केला आणि यंत्रांची आरेखने काढण्यात प्रावीण्य मिळविले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली जाताच त्यांनी ती नोकरी सोडली.

बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगर दीर्घकाळ पडून राहिले. तरीही लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याचा विश्वास संपादन करणे हेही आपल्याच कामाचे अंग होय, असे मानून ते चिकाटीने झटत राहिले.

इतक्यात नगरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने व्यापलेला माळ त्यांना दिला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे पदवीपेक्षा कामाची ओढ मोलाची ठरे. शंभूराव जांभेकर कारखान्याचे प्राण बनले, शाळा सोडून आलेले अनंतराव फळणीकर यंत्रज्ञ झाले आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती तर चक्क पहारा सोपविला गेला! ज्याच्यावर विश्वास टाकला जातो, त्याला नवे करून पाहण्याचे धैर्य येते.

या घडणीची कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. परदेशी लोखंड येईनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. रंग मिळेना, तेव्हा कारखान्यातच रंग तयार झाला. पुढे उसाचे चरक, पंप, इंजिने अशी एकामागून एक यंत्रे निघत गेली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. पण उद्योग थांबला नाही, कारण नवनिर्मितीची विद्या त्यांनी एकट्याच्या मुठीत न ठेवता अनेकांच्या हातांत उतरविली होती.

मित्रांनो, आपल्या डिचोली तालुक्याच्या भूमीतून निघालेले लोहखनिज कित्येक वर्षे आगबोटींतून परदेशी गेले. लोखंड ही निसर्गाची देणगी आहे. त्याचा नांगर करणारी बुद्धी मात्र माणसांतच घडवावी लागते. परीक्षेत एखादा विषय हुकला, एखादी वाट बंद झाली, तर चित्रकलेला मुकलेल्या त्या विद्यार्थ्याचे स्मरण करावे आणि हाती उरलेल्या रेषेने नवे चित्र काढावयास बसावे.