रखमाबाईंचा खटला आणि न्यायाधीशाचा कणा

मीरा-भाईंदरमध्ये वकिली करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करते आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याची नोटीस येते, की मुकाट्याने नांदायला ये. हिंदू विवाह कायद्याचे हे कलम ९. आपण बौद्धही याच कायद्याखाली येतो, हे विसरू नये. अशी नोटीस हातात आली की आम्हाला डॉ. रखमाबाई आठवतात.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातला. लहानपणीच वडील वारले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ब्राह्मणांत जे पाप, ते या समाजात रीतीला धरून होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजीशी लावण्यात आले, पण त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी त्यांनी वाचन वाढवले. १८८४ साली दादाजीने बायकोचा ताबा मागत मुंबई हायकोर्टात दावा ठोकला. ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती, ते आपल्यावर लादता येणार नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती.

१८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. एका तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. त्यावर सनातनी मंडळी खवळून उठली. टिळकांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे रखमाबाईंवर तुटून पडली. धर्म बुडाला, अशी हाकाटी झाली. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्याने उठवलेले वादळही होते. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि ज्या दाव्याने त्यांना छळले, तोच दावा कलम ९ म्हणून त्यात बसला होता! आज तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती आहे, एवढाच फरक. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने हे कलम रद्द ठरवले, तर १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध मानले.

आता प्रश्न न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याचा. बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना सरकारला मोकळे रान दिले नाही आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकारही दिला नाही. न्यायाधीशही शेवटी माणूसच, हे ते जाणून होते. सरकारपासून स्वतंत्र असलेला न्यायाधीश जातीपासून, पुरुषी समजुतींपासून आणि जमावाच्या आरड्याओरड्यापासूनही स्वतंत्र असावा लागतो. तसे नसेल तर काय होते, ते मथुरा प्रकरणाने दाखवले. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडले, कारण तिच्या अंगावर खुणा नव्हत्या.

त्या निकालावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. निकालावर कारणे देऊन टीका करणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. न्यायाधीशाला धर्माचा धाक घालणे वेगळे आणि त्याची चूक कायद्याने दाखवणे वेगळे. पहिले काम सनातन्यांनी पिन्हे यांच्या बाबतीत केले. दुसरे काम आपले आहे.

मीरा-भाईंदरला २०२५ मध्ये स्वतःचे न्यायालय मिळाले. आधी तारखेसाठी ठाणे गाठावे लागे. इमारत जवळ आली, पण न्याय आपोआप जवळ येत नाही. पीडित भगिनी तारखेला एकटी उभी राहणार नाही, एवढे तरी विहाराविहारांतून ठरवू या. रखमाबाईंना आमचा जयभीम!